लोकशाहीचे प्रादेशिक करार : कर्नल घाबरले, अध्यक्षांचं काय?

आडवाट (धागाकर्ता)

११ सप्टेंबर २००१ ही तारीख निघाली की कुणाच्याही डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच येतं. त्याच दिवशी पेरूची राजधानी लिमा इथे अमेरिका खंडातल्या देशांचे परराष्ट्रमंत्री एका सनदेवर शिक्कामोर्तब करायला जमले होते. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना हल्ल्याची बातमी तिथेच कळली. सनद मंजूर होईपर्यंत ते थांबले आणि मग परत निघाले. त्या गदारोळात सनदेची बातमी कुठल्या कोपऱ्यात गेली असेल ते सांगायला नको.

ती म्हणजे 'आंतर-अमेरिकी लोकशाही सनद'. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या (यापुढे ओएएस) एखाद्या सदस्य देशात लोकशाही उलथवली गेली, तर बाकीच्यांनी दोन तृतीयांश मतांनी त्याला निलंबित करावं अशी तरतूद तिच्यात आहे. आग्रह पेरूचा होता आणि त्याला कारणही तसंच होतं. अल्बेर्तो फुजिमोरी काही रणगाडे घेऊन सत्तेवर आले नव्हते, १९९० मध्ये रीतसर निवडून आले होते. एप्रिल १९९२ मध्ये त्यांनी लष्कराला हाताशी धरून संसदच बरखास्त केली. २००० मध्ये वादग्रस्त निवडणुकीत तिसऱ्यांदा खुर्ची मिळवली आणि लाचखोरीच्या चित्रफितींनी सरकार हादरल्यावर त्याच नोव्हेंबरात जपानमधून फॅक्सने राजीनामा धाडला. कुंपणच शेत खातं हे पेरूने नुकतंच भोगलेलं होतं. म्हणून सनदेत लष्करी उठावाबरोबर घटनात्मक व्यवस्था आतून बिघडवण्याचाही उल्लेख आला.

आता हिशेब पाहा. या सनदेखाली प्रत्यक्ष निलंबित झालेला देश एकच, २००९ मधला होंडुरास. २८ जूनच्या पहाटे सैनिकांनी अध्यक्ष मानुएल सेलाया यांना अंगावरच्या पायजम्यानिशी विमानात घालून कोस्टारिकाला नेऊन सोडलं. (गंमत म्हणजे त्याच महिन्यात ओएएसची आमसभा होंडुरासच्याच सान पेद्रो सुला शहरात भरली होती, आणि क्यूबाचं १९६२ पासूनचं निलंबन तिथे रद्द झालं होतं.) म्हणजे अगदी जुन्या वळणाचं बंड. निकाराग्वात अध्यक्ष ओर्तेगा यांनी २०२१ च्या निवडणुकीआधी प्रतिस्पर्धी उमेदवारांनाच तुरुंगात टाकलं. व्हेनेझुएलात २०१७ मध्ये निवडून आलेल्या संसदेच्या डोक्यावर दुसरीच सभा आणून बसवली. ठराव झाले, निवेदनं निघाली, बैठका झाल्या, पण निलंबनापर्यंत गाडी गेली नाही. उलट 'आम्हीच संघटना सोडतो' असं या दोघांनीच जाहीर केलं.

माझं म्हणणं असं की या करारांनी कर्नलांना चाप बसला, अध्यक्षांना नाही. करार सरकारं करतात, तक्रार सरकारं करतात, मतंही सरकारंच देतात. सनदेचं सतरावं कलम पाहा, मदत मागण्याचा हक्क सदस्य देशाच्या सरकारला आहे. सरकारनेच संसदेला कोंडलं तर संसदेने कुणाच्या दारात जायचं? तरीही देशांतर्गत राजकारणावर परिणाम शून्य आहे असं मला वाटत नाही. तो नेमका कुठे होतो यावर जाणकारांनी लिहावं. घरच्या राजकारणाची धुणी इथे धुवू नयेत ही विनंती.

निशाचर

रोचक धागा. पण कर्नलांना चाप बसला ही गोष्ट इतक्या सहज उरकू नका. तो कसा बसतो ते पराग्वेत दिसतं.

२२ एप्रिल १९९६. अध्यक्ष हुआन कार्लोस वास्मोसी यांनी सेनापती लीनो ओव्हिएदो यांना पद सोडायला सांगितलं. ओव्हिएदो म्हणाले मी नाही, तुम्हीच जा. वास्मोसी रात्री अमेरिकी दूतावासाच्या आश्रयाला गेले, राजीनाम्याचा कागदसुद्धा तयार झाला. शेजारी देशांचे आणि अमेरिकेचे राजदूत त्यांना धीर देत होते. ओएएसचे सरचिटणीस सेसार गाव्हिरिया असुन्सिओनला येऊन धडकले. मर्कोसुर व्यापारगटातल्या शेजाऱ्यांनी बजावलं की बंड झालं तर तुमची इथली जागा गेली म्हणून समजा. तरी वास्मोसी कचरलेच. तडजोड म्हणून त्यांनी ओव्हिएदोंना संरक्षणमंत्रीपद देऊ केलं! मग लोक, विशेषतः तरुण, रस्त्यावर उतरले आणि २५ तारखेला तेही मागे घ्यावं लागलं.

चारी बाजूंनी जमीन असलेला देश, आयात-निर्यात शेजाऱ्यांच्या नद्यांतून आणि बंदरांतून. त्याला मर्कोसुरबाहेर काढणं म्हणजे नाक दाबणं. आणि तेव्हा मर्कोसुरकडे असं लेखी बंधनकारक कलमही नव्हतं. या प्रसंगावरून शहाणे होऊन त्यांनी जुलै १९९८ मध्ये लोकशाही मोडणाऱ्या सदस्याला निलंबित करायचा उश्वाइया करार केला. माझ्या मते बाहेरचा दबाव एकट्याने काही करत नाही. देशात जो कचरतोय त्याला तो टेकू देतो आणि जो बंडाच्या कडेवर उभा आहे त्याच्या साथीदारांना विचारात पाडतो. रस्त्यावरची माणसं नसती तर ओव्हिएदो आठवडाभरात मंत्री झाले असते.

तिरपागडा

टेकू कुणाला द्यायचा हे कोण ठरवतं, तेही सांगा की. पराग्वेच, पण २०१२.

जूनच्या मध्यावर कुरुग्वातीला जमिनीच्या वादातून चकमक झाली. शेतकरी आणि पोलीस मिळून १७ जण मेले. संसदेने अध्यक्ष फेर्नांदो लुगो यांच्यावर महाभियोग आणला आणि २२ जूनला सिनेटने ३९ विरुद्ध ४ मतांनी त्यांना काढलं. बचावासाठी वेळ दोन तास. घटनेतलं कलम पाळलं, पण पाळण्याची तऱ्हा अशी. मर्कोसुरने आठवडाभरात पराग्वेला निलंबित केलं. इथवर ठीक. पण अर्जेंटिनातल्या मेंडोसाच्या त्याच बैठकीत व्हेनेझुएलाला पूर्ण सदस्य करून घ्यायचं ठरलं. ते इतकी वर्षं कोण अडवून बसलं होतं? पराग्वेची सिनेट! आणि ओएएसने त्याच घटनेवर निलंबनाची गरज नाही असं ठरवलं. एकच घटना, दोन निवाडे. पुढे अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये सरकारं बदलली आणि २०१७ मध्ये त्याच उश्वाइया कराराखाली व्हेनेझुएला बाहेर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. करार वगैरे सगळं नंतर.

आडवाट

@तिरपागडा, दुटप्पीपणा मान्य. पण त्या निलंबनाचा पराग्वेच्या आत काय परिणाम झाला हेही बघा. व्यापार चालूच ठेवला होता, फक्त बैठकांतून वगळलं होतं. त्यामुळे दुखलं कुणालाच नाही आणि 'शेजारी आमच्या घरात नाक खुपसतात' म्हणायला नेत्यांना आयतं निमित्त मिळालं. लुगो परत आले नाहीत. एप्रिल २०१३ ची निवडणूक कोलोरादो पक्षाने जिंकली, म्हणजे ज्या पक्षाची साठ वर्षांची सद्दी लुगोंनी २००८ मध्ये मोडली होती तोच. नवे अध्यक्ष आले, निलंबन संपलं.

ओंजळ

पश्चिम आफ्रिकेकडे कुणी वळलेलं नाही. तिथल्या देशांची संघटना म्हणजे इकोवास. तिचा लोकशाही आणि सुशासनाचा करार डिसेंबर २००१ चा, म्हणजे लिमाच्या सनदेनंतर तीनच महिन्यांनी. त्यातलं एक कलम मला फार आवडतं : निवडणुकीला सहा महिने उरले की बहुसंख्य राजकीय पक्षांच्या संमतीशिवाय निवडणूक कायद्यात मोठा बदल करायचा नाही. कुठला तरी चटका बसलेल्या माणसानेच ते लिहिलं असणार.

गांबियात तर हा करार प्रत्यक्ष खुर्चीपर्यंत पोचला. याह्या जामेह १९९४ पासून सत्तेवर. डिसेंबर २०१६ मध्ये सात पक्षांच्या आघाडीचे अदामा बॅरो यांच्याकडून हरले. टीव्हीवर येऊन त्यांनी हार मानली, बॅरोंचं अभिनंदन केलं आणि आठवडाभरात घूमजाव करून फेरनिवडणूक मागितली. इकोवासच्या अध्यक्षांच्या फेऱ्या सुरू झाल्या. १९ जानेवारी २०१७ ला बॅरो यांनी शपथ घेतली ती सेनेगलमधल्या डकारला, गांबियाच्या दूतावासातल्या एका लहानशा खोलीत. त्याच दिवशी इकोवासचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं. गांबियाच्या लष्करप्रमुखांनी आपली माणसं या भानगडीत लढणार नाहीत असं सांगून टाकलं, मंत्री आधीच एकेक करून सटकत होते. २१ तारखेला जामेह विमानात बसून गेले.

म्हणजे 'अध्यक्षांना चाप बसत नाही' हे सरसकट विधान टिकत नाही. निवडणूक हरलेला आणि जागेवरून न हलणारा अध्यक्ष असेल तर बसतो.

कुंपणावरचा

ओंजळ, गांबियाचा नकाशाही बघा हो. नदीकाठची एक चिंचोळी पट्टी, तीन बाजूंना सेनेगल, सैन्य मूठभर. हेच नायजरमध्ये करून दाखवा म्हणावं.

२६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये अध्यक्षांच्याच रक्षकदलाने मोहम्मद बाझूम यांना डांबलं. इकोवासने चार दिवसांत आठवड्याची मुदत दिली, नाहीतर बळाचा वापर. सीमा बंद, व्यवहार गोठवले, नायजेरियाने वीज तोडली. मुदत संपली, सैन्य काही आलं नाही. राजधानी नियामेतलं स्टेडियम मात्र लष्कराच्या समर्थकांनी भरून गेलं. अंधारात बसायला लावणारे शेजारी आणि त्यांना न जुमानणारे आपले जनरल, असं चित्र आयतंच तयार झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बहुतेक निर्बंध उठवावे लागले. त्याआधीच माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी इकोवास सोडण्याची घोषणा केली होती, जानेवारी २०२५ मध्ये ते बाहेरही पडले. बाझूम यांची सुटका राहिलीच, संघटनेचे तीन सदस्य गेले.

आणि लोकांना या संघटनेविषयी तिडीक का, तर गिनी. २०२० मध्ये अध्यक्ष अल्फा कोंदे यांनी नवी घटना आणून तिसऱ्यांदा अध्यक्ष होण्याची वाट काढली. निदर्शनांत माणसं मेली. इकोवासने गिळून टाकलं. सप्टेंबर २०२१ मध्ये लष्कराने कोंदेंना हटवलं, तर तीन दिवसांत निलंबन! हेच कोंदे जामेहना 'आता निघा' म्हणून समजवायला बंजुलला गेले होते. बैठकीच्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी निम्म्यांचं आपल्याच घटनेशी वाकडं, तिथे अळीमिळी गुपचिळीच चालणार. २०१५ मध्ये दोनच कार्यकाळांची मर्यादा सगळ्या इकोवासला लागू करायचं घाटत होतं. गांबिया आणि टोगो यांनी ते मोडून काढलं.

ओंजळ

नकाशाचा मुद्दा मान्य. आणि गांबियाचा पुढचा भाग तुमच्याच बाजूचा आहे, तो मीच सांगते. बॅरो तीन वर्षांत पद सोडू म्हणाले होते, पण पाच वर्षं राहिले. कार्यकाळांना मर्यादा घालणारा नवा घटनेचा मसुदा सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत पडला. २०२१ मध्ये बॅरो पुन्हा निवडून आले. एका रात्रीचं सत्तांतर शेजाऱ्यांनी करून दिलं, त्यानंतरचं त्यांच्या कक्षेत नव्हतं.

रातकिडा

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न : विरोधी पक्ष किंवा साधा नागरिक या करारांच्या आधारे थेट दाद मागू शकतो का? की सगळं अध्यक्षांच्याच बैठकीत?

ओंजळ

@रातकिडा, बाळबोध अजिबात नाही. इकोवासचं न्यायालय आहे आणि मानवी हक्कांच्या प्रकरणात नागरिक थेट तिथे जाऊ शकतो. बुर्किना फासोत २०१४ मध्ये लोकांनी अध्यक्ष ब्लेझ कोंपाओरे यांना पळवून लावलं. मग हंगामी संसदेने कायदा केला की कोंपाओरेंच्या कार्यकाळवाढीला पाठिंबा देणाऱ्यांना निवडणूक लढवता येणार नाही. कोंपाओरेंचा पक्ष इकोवासच्या न्यायालयात गेला आणि जुलै २०१५ मध्ये जिंकला. इतकी सरसकट बंदी हक्कांवर घाला आहे असं न्यायालय म्हणालं. देशाच्या घटना परिषदेने तो निकाल बाजूला ठेवून उमेदवार बाद केलेच. सप्टेंबरात जनरल दिएंदेरे यांनी बंड केलं, त्यात या बंदीचीही तक्रार पुढे केली. इकोवासच्या मध्यस्थांनी सुचवलेला तोडगा काय, तर बंडखोरांना माफी आणि बाद झालेल्यांना उमेदवारी. लोक खवळले, बाकीचं सैन्य राजधानीवर चालून आलं आणि आठवडाभरात बंड आटोपलं.

न्यायालयाचा निकाल कायद्याच्या दृष्टीने मला पटतो. पण तो कुणाच्या हातातलं हत्यार झाला ते पाहिलं की डोकं गरगरतं.

आडवाट

रातकिड्याच्या प्रश्नावर माझ्याकडे बोलिव्हियाचं प्रकरण आहे, आणि खरं सांगायचं तर या धाग्यामागचं मूळ कारण तेच. करार देशाच्या राजकारणात कसा मुरतो ते याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे मला दिसलेलं नाही.

बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेप्रमाणे अध्यक्षाला लागोपाठ दोनच कार्यकाळ. अध्यक्ष एवो मोरालेस यांना ती मर्यादा काढायची होती. २१ फेब्रुवारी २०१६ ला सार्वमत घेतलं, ५१ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांनी 'नाही' म्हटलं. विषय मिटायला हवा होता. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायाधिकरणाने निकाल दिला की निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क कराराच्या तेविसाव्या कलमात आहे, हा करार देशाच्या घटनेहून वरचढ, सबब कार्यकाळाची मर्यादा गैरलागू! नागरिकाला सरकारपासून वाचवायला केलेला करार सरकारप्रमुखाला मतदारापासून वाचवायला वापरला. वकिली डोक्याला दंडवत.

मग २०१९ ची निवडणूक. ओएएसच्या निरीक्षकांनी मतमोजणीवर बोट ठेवलं, दंगली झाल्या, लष्करप्रमुखांनी राजीनाम्याची 'सूचना' केली, १० नोव्हेंबरला मोरालेस गेले. ओएएसचं आकड्यांचं विश्लेषण बरोबर होतं का यावर अभ्यासकांत अजून भांडणं आहेत. त्यावर वेगळा धागा निघेल, इथे नको.

इकडे कोलंबियाने आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाला सरळ विचारलं : पुन्हा पुन्हा अध्यक्ष होणं हा मानवी हक्क आहे का? २०२१ मध्ये न्यायालयाचं उत्तर आलं, नाही. उलट अमर्याद फेरनिवड लोकशाहीच्या तत्त्वांशी विसंगत आहे. हे नुसतं सल्लागार मत, निलंबन नाही, निर्बंध नाहीत, सैन्य तर नाहीच. पण डिसेंबर २०२३ मध्ये बोलिव्हियाच्या न्यायाधिकरणाने त्याच मताचा हवाला देऊन आपला जुना निकाल फिरवला. तोवर मोरालेस आणि त्यांच्याच पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्से यांचं फाटलं होतं, त्यामुळे न्यायाधीशांना एकाएकी साक्षात्कार का झाला ते सांगायला नको. मोरालेस समर्थकांनी रस्ते अडवले, पण ऑगस्ट २०२५ ची निवडणूक त्यांच्याविना झाली.

म्हणजे तोच करार एकदा दार उघडायला आणि एकदा बंद करायला वापरला गेला. दोन्ही वेळा किल्ली देशातल्याच माणसांच्या हातात होती.

तिरपागडा

आणि एल साल्वाडोर? २०२१ मध्ये अध्यक्ष बुकेले यांच्या संसदेतल्या बहुमताने न्यायाधीश बदलले, नव्या न्यायाधीशांनी फेरनिवडणुकीला परवानगी दिली, २०२४ मध्ये ते प्रचंड मतांनी जिंकले आणि जुलै २०२५ मध्ये मर्यादाच काढून टाकली. तुमचं ते सल्लागार मत तिथेही उपलब्ध होतं. वापरायला कुणी शिल्लक नव्हतं.

मधली_सुट्टी

युरोप राहिला. तिथे सगळा खेळ पैशाचा आणि वेळेचा आहे. सदस्य होण्याआधी युरोपीय महासंघाचा शब्द म्हणजे प्रमाण. १९९७ च्या डिसेंबरात पंतप्रधान व्लादिमिर मेचियार यांच्या कारभारामुळे स्लोव्हाकियाला प्रवेशाच्या पहिल्या फळीतून वगळलं. १९९८ च्या निवडणुकीत एकत्र आलेल्या विरोधकांकडे तयार मुद्दा होता : यांना ठेवलंत तर युरोपचं दार बंद. मेचियार यांना सत्ता सोडावी लागली, २००४ मध्ये देश आत गेला.

एकदा आत गेलात की महासंघाच्या करारातलं सातवं कलम. मताधिकार काढून घ्यायचा तर आधी बाकी सगळ्यांचं एकमत हवं. पोलंडवर डिसेंबर २०१७ मध्ये प्रक्रिया सुरू झाली, हंगेरीवर सप्टेंबर २०१८ मध्ये, आणि दोघांनी एकमेकांना वाचवायचं वचन दिलेलं. झालं, बसा बोंबलत. मग महासंघाने वेगळी वाट काढली, निधीच अडवायचा. पोलंडला न्यायाधीशांच्या शिस्तभंग व्यवस्थेपायी ऑक्टोबर २०२१ पासून रोज १० लाख युरो दंड होता. २०२३ च्या निवडणुकीत विरोधी नेते डोनाल्ड टुस्क यांनी 'मी अडकलेला पैसा सोडवून आणतो' हा थेट प्रचाराचा मुद्दा केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १३७ अब्ज युरोपर्यंतच्या निधीची वाट मोकळी झाली.

पण पैसा दोन्ही बाजूंना कापतो. १३ डिसेंबर २०२३ ला युरोपीय आयोगाने (महासंघाच्या कार्यकारी मंडळाने) हंगेरीचे अडवलेले सुमारे १० अब्ज युरो सोडले. दुसऱ्या दिवशी युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायचा निर्णय होता, त्यालाही एकमत लागतं. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान ठरावाच्या वेळी खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी एकमताने मंजुरी दिली. न्यायव्यवस्थेत सुधारणा झाल्या म्हणून निधी सोडला, असं आयोगाचं म्हणणं. ज्याला पटेल त्याला पटेल.

कुंपणावरचा

+१. २००० साली ऑस्ट्रियात हायडर यांचा अतिउजवा पक्ष सरकारात आला तेव्हा १४ देशांनी संबंध गोठवून पाहिले होते. सात महिन्यांत गुंडाळलं. त्यांच्याच विनंतीवरून नेमलेल्या तीन 'शहाण्यां'नी लिहून दिलं की यामुळे देशात राष्ट्रवादी भावना भडकली. नायजरचीच गोष्ट, फक्त वीज चालू होती.

रातकिडा

आशियात असं काही नाही का?

मधली_सुट्टी

कागदावर आहे. आसियानच्या सनदेत लोकशाहीची तत्त्वं आहेत, सार्कने तर २०११ मध्ये स्वतंत्र लोकशाही सनद स्वीकारली. दोन्हीकडे निर्णय सहमतीने आणि निलंबनाची तरतूद नाही. म्यानमारच्या बंडानंतर आसियानने जनरलना शिखर बैठकांना बोलावणं बंद केलं, तेवढंच.

निशाचर

धागाकर्त्यांना एक उदाहरण सुचवतो, त्यांच्या शीर्षकात न बसणारं. ग्वाटेमाला. इथे धोका कर्नलांचाही नव्हता आणि अध्यक्षांचाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बेर्नार्दो अरेवालो निवडून आले आणि महाभियोक्ता कोन्सुएलो पोरास यांच्या कार्यालयाने त्यांचा पक्ष गोठवणं, मतपेट्या जप्त करणं असा धडाका लावला. प्रत्येक पाऊल कुठल्या ना कुठल्या न्यायाधीशाच्या सहीचं. ओएएसचे निरीक्षक निकाल स्वच्छ आहे हे सांगत राहिले, पण खरा जोर ऑक्टोबरपासून रस्ते अडवून बसलेल्या मूळ निवासी समाजांचा. त्यांनी महाभियोक्त्यांच्या कार्यालयाबाहेर महिनोन्‌महिने ठाण मांडलं. १४ जानेवारी २०२४ ला शपथविधी होता, तर संसदेत दिवसभर घोळ घातला गेला. शहरात पोचलेल्या परदेशी पाहुण्यांनी एकत्र निवेदन काढून सत्तांतर आजच करा म्हणून सांगितलं. शपथ झाली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

आडवाट

नाही बसत खरं. शीर्षक बदलता येत नाही, नाहीतर 'कर्नल, अध्यक्ष आणि सरकारी वकील' केलं असतं. पण एक जोडतो : अरेवालो खुर्चीत बसल्यावरही पोरास पदावर राहिल्याच, कारण कायद्याने महाभियोक्त्याला काढणं अध्यक्षाला जवळजवळ अशक्य करून ठेवलेलं आहे. ओएएसच्या सनदेत त्यावर एक ओळ नाही. आणि तो नियम मुळात अध्यक्षांच्या दादागिरीपासून वकिलांना वाचवायला केलेला होता.